डाव्या बाजूचं पायदान

१

दुसऱ्याचा अर्धवट राहिलेला ताणा कधी तोडायचा नाही. सांधायचा. आणि काहून, ते विचारायचं नाही.

नागपूरच्या तांडापेठेतल्या त्या घरात हा नियम भिंतीतल्या जुन्या खुंटीसारखा होता. कोणी ठोकली ते ठाऊक नाही, पण सगळ्यांचे सदरे तिच्यावरच टांगलेले. पुढच्या खोलीत दोन माग होते. त्यातला एक सत्यवतीच्या जन्माआधी जुनाच विकत आणलेला. आणला तेव्हा त्याच्यावर कोण्या परक्या विणकराच्या लुगड्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, तसेच ताणलेले होते, हातभर विणून सोडून दिलेले. तो विणकर कुठं गेला, लुगडं पुरं का झालं नाही, कोणी विचारलं नाही. सत्यवतीच्या आत्यानं, रुख्माबाईनं, बोटांना राख लावली आणि त्या जुन्या एकेका धाग्याला घरचा नवा धागा पिळून जोडला. मग माग चालू झाला.

सत्यवती लहान असताना एकदा आत्याशेजारी बसून तिनं विचारलं होतं, "जुना तोडून फेकला तं काय होते?"

आत्यानं आडवा धागा नेणाऱ्या धोट्यानं तिच्या बोटांवर टिचकी मारली. "विचारलं ना? जाय आता, जीभ धुऊन ये."

सत्यवती मोरीवर गेली, जीभ धुतली, परत आली आणि म्हणाली, "धुतली. आता सांग."

आता ती बी.एस्सी. झाली होती. नोकरीही दारात येऊन उभी होती. दूध संघाला तपासनीस हवा होता. उमरेड रोडवरच्या गावांत पहाटे दूध गोळा होतं. तिथं जाऊन नमुने घ्यायचे, फॅट काढायची, पाणी घालणाऱ्याला तोंडावर सांगायचं. हे शेवटचं काम सत्यवतीला पगाराशिवायही जमलं असतं. संघाच्या साहेबांची अट एकच होती: स्वतःचं वाहन पाहिजे. त्या वेळेला एस.टी. नसते. वाहन घेऊन महिन्याच्या आरंभी हजर व्हा, नाही तर दुसरा माणूस तयारच आहे.

घरात मोठेबाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची, जागेश्वररावांचीही एक अट होती. नोकरी झाली तर झाली. नाही झाली, तर उमरेडच्या सूतवाल्यांच्या घरी लग्नाचा होकार कळवायचा. वाहन काही येत नाही, असा हिशेब करूनच त्यांनी ती घातली होती.

"पोट्टीनं फटफटी चालवाची?" ते म्हणाले. "लोकं हासतीन."

"हासू द्या ना मोठेबाबा. दात घासले का नाही ते तं कळंल."

वडील, ईश्वरदास, मागावर बसून खाली मान घालून हसले, आणि भावाकडं लक्ष जाताच खोकले.

२

धरमपेठेतल्या मनोहररावांकडं गाडी आहे, हे गुलाबचंद मिस्त्रीनं सांगितलं. गुलाबचंदचं गॅरेज धंतोलीत, तोंडात कायम पान, आणि प्रत्येक गाडीला तो 'सोनं' म्हणायचा.

गाडी खरंच चांगली होती. काळी, जड, टाकीवर ओरखडा नाही. सत्यवतीनं ती शेडमधून बाहेर ओढून उन्हात घेतली, किक मारली. इंजिन लगेच बोललं, खोल आणि सावकाश आवाजात, जसं काही कोणी हाक मारायचीच वाट पाहत होतं.

"सर्व्हिसचं पुस्तक?" तिनं विचारलं.

मनोहररावांनी आतून आणून दिलं. नीटनेटका माणूस, पांढरं धोतर, कपाळाला आठी. पुस्तकात पहिली काही वर्षं कंपनीच्या गॅरेजचे शिक्के वेळच्या वेळी पडलेले. मग दोन वर्षं काहीच नाही. मग पुन्हा एक शिक्का, नुकताच, विकण्यापुरता मारून आणल्यासारखा.

"ही मधली दोन वर्षं?"

"उभी होती."

"कुठं?"

"इथंच. शेडमध्ये."

"कोणी चालवलीच नाही?"

"नाही."

सत्यवती खाली बसली. उभी राहिलेली गाडी कशी असते ते ती पाहत होती. चालवणाऱ्याच्या पायाखालचे रबर जाडजूड होते, त्यांच्यावरची नक्षीसुद्धा शाबूत. पण डाव्या बाजूला मागं, बायका एका अंगानं बसतात तेव्हा पाय ठेवायला जी आडवी पट्टी असते, त्या पायदानाचं रबर पार झिजून गेलेलं. खालचं लोखंड दिसत होतं, आणि ते लोखंड ताटासारखं चकचकीत होतं.

"मागं बसणाऱ्याचं पायदान पुढच्याच्या आधी कसं झिजलं?"

"जुनं आहे ते."

"पुढचंही तेवढंच जुनं आहे." तिनं चाकाशेजारच्या दांडीला बोट लावलं. तिथं दोन रिकामी भोकं होती. "इथं साडीगार्ड होतं. पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळी असते ती."

"नव्हतं."

"भोकं आहेत ना."

मनोहररावांनी भोकांवरून बोट फिरवलं. "काढलं होतं. खडखड करायचं."

गुलाबचंद तिच्या कानाशी आला. "दीदी, घेऊन टाका ना. इंजन सोनं आहे. पायदान का चाटाचं आहे तुमाले?"

महिना संपत आला होता. उमरेडचे सूतवाले घाईत होते. आणि पायदानावरून सौदा मोडणारी मुलगी मोठेबाबांना हवीच होती. सत्यवतीनं भाव पाडला, आणखी पाडला, आणि गाडी घेतली.

ती निघताना मनोहररावांनी खिशातून रुमाल काढून सीट पुसली. पुढची नाही, मागची.

"ब्रेक एकदम लावू नका," ते म्हणाले. "आणि वळण असलं की आधी सांगत जा."

हॉर्नबद्दल म्हणत असतील, असं सत्यवतीला वाटलं.

३

घरच्या अंगणात गुलाबचंदनं मागचं चाक उघडलं. ग्रीस काढता काढता त्याचं बोट थांबलं. "हे का आहे?"

चाकाच्या मधोमध, आसाभोवती, धागा गुंडाळला होता. थरावर थर, घट्ट, ग्रीसनं काळाठिक्कर पडलेला. सत्यवतीनं रॉकेलच्या फडक्यानं एक टोक पुसलं. आतून पांढरं सूत निघालं आणि त्याला चिकटून लाल रेशीम. किनारीचं रेशीम. हातमागावरचं, गिरणीचं नाही. हे कळायला तिला बी.एस्सी. लागत नव्हती.

"पदर गेला असन कोणाचा," गुलाबचंद म्हणाला, आणि खिशातून ब्लेड काढलं.

"हात लावू नोको."

आत्या उंबऱ्यात उभी होती. तिनं खाली येऊन तो धागा दोन बोटांत धरला, चोळला, नाकाशी नेला. तिचा चेहरा मागावर बसल्यावर असतो तसा झाला होता, बाहेरचं काही ऐकू न येणारा.

"हे अर्धं राह्यलेलं आहे," ती म्हणाली.

"आत्या, ते चाकात अडकलेलं चिंधूक आहे. माग नाही हा. फटफटी आहे."

"घरात आलं ना? मंग?"

"गाडीत कचरा राह्यला तं चाक जाम होते वं. माह्यं हाडकं मोडलं तं तू सांधून देशील का?"

"तुही जीभ सांधता आली असती तं बरं झालं असतं."

आत्या आत गेली आणि येताना चिमूटभर राख आणि कांडीवरचा लाल धागा घेऊन आली. तिनं आसावरचं सैल टोक ओढून काढलं, घरचा धागा त्याला लावला, आणि राखेच्या बोटांनी पिळला. सांधा कुठं आहे ते शोधून सापडू नये, असा. उरलेलं टोक तिनं डाव्या पायदानाच्या दांडीला गुंडाळून बांधलं.

गुलाबचंदनं सत्यवतीकडं पाहिलं. सत्यवतीनं खांदे उडवले. चाक फिरत होतं, धागा कुठं घासत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी तिला हजर व्हायचं होतं. म्हाताऱ्या माणसांशी कोणकोणत्या गोष्टीवर भांडायचं, यालाही काही मर्यादा असते.

४

पहिले काही दिवस तिच्यासारखं सुखी माणूस नागपुरात नव्हतं.

पहाटेच्या थंडीत ओढणी घरी खुंटीवर राहायची, कमीजवर वडिलांचा जुना स्वेटर, पुढं टाकीवर नमुन्यांच्या बाटल्यांची पेटी. सक्करदरा मागं पडलं, हुडकेश्वरचा फाटा गेला, की दोन्ही अंगांना शेतं आणि समोर फक्त रस्ता. दूध केंद्रांवरचे बाप्ये आधी फटफटीकडं बघायचे, मग तिच्याकडं, मग पुन्हा फटफटीकडं. एकानं विचारलं, "म्याडम, पडत नाही का?" ती म्हणाली, "तुमच्या दुधात पाणी पडते, तेवढं नाही पडत." त्या दिवसापासून तिला सगळे ओळखू लागले.

गाडी मागून बसायची, ही गोष्ट तिच्या लक्षात आली ती अशा मजेतच. तिचं वजन ते काय. पण ती बसली, आणि क्षणभरानं डावीकडची मागची स्प्रिंग पुन्हा एकदा दबली. हलकेच, नीट सावरून घेत, साडी गोळा करून बसावं तशी.

स्प्रिंग कमजोर आहे, ती म्हणाली. गुलाबचंदनं स्प्रिंग बदलली. नवी स्प्रिंगही दबली. मग दोन्ही बदलल्या. दोन्ही बदलल्यावरही डावीच दबली.

"रोड खराब आहे," गुलाबचंद म्हणाला.

"मी उभ्या गाडीवर बसते तवा बी दबते."

"मंग अंगण खराब आहे," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्यानं कोणत्या गाडीला सोनं म्हटलं नाही.

पेट्रोल जास्त लागू लागलं. दोन माणसं बसवली की लागतं तेवढं. वळणावर गाडी आपल्यापेक्षा किंचित उशिरा कलते, हेही तिला जाणवलं. उमरेड रोडची धूळ सगळ्या गाडीवर बसायची, चाकांवर, टाकीवर, तिच्या भुवयांवर. डाव्या पायदानावर मात्र कण नसायचा.

सत्यवती प्रयोगशाळेत शिकलेली होती. शंका आली की ती तपासायची, हे तिचं मायबापापेक्षा जुनं तत्त्व. ताण्याला लावायच्या खळीसाठी घरात मैदा असायचाच. एका सकाळी निघण्याआधी तिनं त्यातला चाळून पायदानावर पातळ थर दिला. हवेनं उडेल म्हणून थोडं पाणी शिंपडून तो चिकटवलाही. केंद्र करून परत आली, गाडी स्टँडवर लावली, आणि गुडघ्यावर बसून पाहिलं.

हवेनं उडाला असता तर सगळीकडून उडाला असता. उडाला नव्हता. मधोमध दाबला गेला होता. टाचेची गोल बाजू, मग मोकळी जागा, मग चवडा. आणि अंगठ्याशेजारच्या बोटाच्या जागी एक बारीक, स्वच्छ, कोरलेली रेघ.

जोडव्याची.

तिनं फडकं आणून ते पुसलं. मग ती आत गेली, आणि त्या दिवशी जेवताना मोठेबाबांनी दोनदा टोमणा मारला तरी तिच्याकडून उत्तर आलं नाही. मोठेबाबांनाच जेवण गेलं नाही.

५

सांगायचं कोणाला? सांगितलं असतं तर मोठेबाबांनी त्याच संध्याकाळी उमरेडला निरोप धाडला असता. नोकरी पक्की व्हायला अजून वेळ होता. भीती वाटते म्हटलं की बायकांची नोकरी जाते. बाप्यांना नुसती सुट्टी मिळते. हे तिनं पाहिलेलं होतं.

म्हणून ती धरमपेठेत गेली. भर दुपारी, गाडी घेऊन.

मनोहरराव फाटकाशी आले. तिच्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या सीटवर गेली, तिथं थांबली, आणि खाली पायदानापर्यंत उतरली.

"आत या," ते म्हणाले. "ऊन आहे." फाटक उघडून ते बाजूला झाले. एकीला जायला जेवढी जागा लागते त्याहून जास्त बाजूला.

व्हरांड्यात दोन खुर्च्या होत्या. एकीवर ती बसली. दुसरीवर ते बसले नाहीत. खांबाला टेकून उभे राहिले.

"मधल्या दोन वर्षांत गाडी कोण वापरत होतं?"

"सांगितलं ना तुम्हाला. उभी होती."

"मनोहरराव, उभी गाडी पायदान झिजवत नाही."

"मीही तेच म्हणायचो," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, पावसापाण्याचं बोलावं तसा. "शेडला कुलूप असायचं. किल्ली माझ्या उशीखाली. सकाळी उघडलं की स्प्रिंग दबलेली. रबर दर महिन्याला थोडं कमी. मी तुम्हाला खोटं बोललो नाही, बाई. उभ्या गाडीचंच झिजलं ते."

घरात आत कुठं तरी भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. त्याची टिकटिक सत्यवतीला फार मोठी वाटली.

"ती कोण?"

त्यांनी रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं.

"साडीगार्ड तुम्ही काढलंत," ती म्हणाली.

"खडखड करायचं," मनोहरराव म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "फार खडखड करायचं," आणि तोंड खांबाकडं वळवलं.

सत्यवती उठली. तिला राग आला होता. "विकताना सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

"सांगितलं असतं, तर घेतली असती?"

"तो माझा प्रश्न होता. तुम्ही तो मला पडूच दिला नाहीत."

तिनं गाडी काढली. फाटकाबाहेर आल्यावर आरशात पाहिलं. मनोहररावांचा हात फाटकावर होता. पण ते लावत नव्हते. तिच्या मागून अजून कोणी बाहेर पडायचं आहे, असे थांबले होते. मग स्प्रिंग दबली, आणि त्यांनी फाटक लावलं.

६

दुसऱ्या दिवशीची गोष्ट.

केंद्रं आटोपून ती परत निघाली होती. ऊन कोवळं, रस्ता रिकामा. एका ठिकाणी तो रस्ता उत्तरेकडं वळतो, आणि सकाळचं ऊन बरोबर उजव्या अंगाला येतं. गाडीची सावली डावीकडं शेताच्या बांधावर पडली आणि गाडीबरोबर पळू लागली. लांब, सरळ, कागदातून कातरल्यासारखी स्वच्छ.

सत्यवतीनं आधी चाकं पाहिली. मग हँडल. मग स्वतःचं डोकं, वाऱ्यानं उडालेली वेणी.

आणि तिच्या मागं, थोडं खाली, दुसरं डोकं.

ते डोकं झाकलेलं होतं. तोंड बाहेरच्या बाजूला, शेतांकडं. मांडीवर हात. सगळं इतकं साधं होतं की भिण्याजोगं त्यात काही सापडेना. नागपुरात अशा हजार बायका रोज एका अंगानं बसून बाजारात जातात. पण तिच्या पाठीमागून वाऱ्यावर काही तरी सुटलं होतं. लांब, रुंद, हलतं. ते उडत होतं, खाली येत होतं, पुन्हा उडत होतं, आणि दर खेपेला फिरत्या चाकाच्या सावलीपासून वीतभरानं चुकत होतं.

मागं वळून पाहायचं नाही, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तरी मान वळेना. ब्रेक लावावा, तर मनोहररावांचं वाक्य आठवलं: एकदम लावू नका. तिचा पाय ब्रेकवर नुसता टेकून राहिला.

सावलीतला पदर पुन्हा खाली आला. चाकाला लागला. पायदानाच्या दांडीवरचा आत्यानं बांधलेला धागा ताठ झाला, आणि तिच्या डाव्या पोटरीला त्याचा चटका बसला.

तेव्हा सत्यवती बोलली. काय बोलावं हे ठरवलं नव्हतं. गल्लीतली प्रत्येक आई, प्रत्येक सासू, सायकलीवर किंवा रिक्षात बसणाऱ्या प्रत्येक बाईला जे म्हणते, तेच तिच्या तोंडून निघालं. समोर पाहत, मोठ्यानं, थोडं खेकसूनच.

"पदर सांभाळा वं बाई."

बांधावरच्या सावलीत एक हात उठला. सुटलेला पदर त्यानं आत ओढला, कमरेशी खोचला, आणि पुन्हा मांडीवर जाऊन बसला.

रस्ता वळला. सावली बांधावरून निसटली. धागा सैल झाला.

वळणाच्या आधी सत्यवतीनं, का कोण जाणे, सांगितलं होतं, "वळून राह्यलो." आणि गाडी पहिल्यांदा बरोबर वेळेवर कलली.

७

मोठेबाबा त्या दिवशी सकाळीच घरात बसले होते. सत्यवती आली तसं त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणजे प्रकरण मोठं होतं.

"उमरेडवाल्यायनं निरोप देला," ते म्हणाले. "काल त्याइच्या घरच्यायनं तुले रोडवर पाह्यलं."

"मंग पसंत पडली का?"

"हासू नोको. ते विचारून राह्यले, पोट्टी आपल्या मांगं कोण्या बाईले बसवून फिरते, ते कोण? डोक्शावर पदर घेतलेली. त्याइनं हात केला, तं तिनं पाह्यलं नाही. पोट्टी बी अशी अन् सोबतही अशी, म्हणून राह्यले. कोण आहे ते?"

मागावर ईश्वरदासांचा धोटा मध्येच थांबला. सत्यवतीची आई, सखूबाई, परातीत पीठ मळत होती. तिचे हात पिठातच राहिले. आत्यानं हळूच विचारलं, "किनार कोणती होती म्हणे?"

"तुले किनारीचं का पडलं? लाल होती म्हणे."

आत्या खाली बसली. भिंतीचा आधार न घेता, एकदम.

मग सत्यवतीनं सगळं सांगितलं. स्प्रिंग, मैदा, जोडवं, फाटक, सावली. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. नमुन्याचा निकाल सांगावा तसं. मोठेबाबा मध्ये एकदाही बोलले नाहीत, हे त्यांच्या आयुष्यात पहिलंच असावं.

"मी सांधाले नोको होतं," आत्या म्हणाली. "ते उतरली असती कुठीतरी. मीच तिले घरचा धागा देला. तोड तो. आत्ताच्या आत्ता तोड, सत्ते."

"तोडू नोको," मोठेबाबा म्हणाले. "इकून टाकू. भंडाऱ्याकडं गिऱ्हाईक पाहतो मी, लंबं. काही सांगाचं नाही. जुनी गाडी आहे, चालते, बस. आन् तू आता घरी राह्य. झाली तेवढी नोकरी बस झाली."

"बाबा?" सत्यवती मागाकडं वळली. "तुम्ही का म्हणता?"

ईश्वरदासांनी ताण्यावर हात फिरवला. त्याच जुन्या मागावर बसले होते ते. "भाऊ म्हणते ते बरोबर आहे, बाई," ते म्हणाले. "आपल्याले का कराचं दुसऱ्याचं."

सत्यवतीनं पेटीचा पट्टा खांद्यावरून उतरवला. तिला ओरडायचं नव्हतं, आणि ती ओरडली नाही.

"मी लहान होती तवा विचारलं, तोडलं तं का होते. तुम्ही मले जीभ धुवाले लावली. आता तुमालेच भेव लागलं, तं म्हणता तोड. म्हणजे नियम तुमचा नव्हता. भेव तुमचं होतं." ती थांबली. "मी तोडत नाही. अन् इकतही नाही. एकानं न सांगता मले इकली. मी न सांगता दुसरीले इकू? भंडाऱ्याले कोणाची पोट्टी नाही का?"

"सत्ते..."

"होऊ द्या ना बोलून, मोठेबाबा. ते बाई कोण आहे मले माहीत नाही. तिले उतराचं असन तिथं उतरंल. तवरीक बसंल. मी आत्ता धंतोलीले जाते. गुलाबचंदकडून साडीगार्ड बसवून घेते. नवं, चांगलं, खडखड करो का काही करो. आन् उद्या पहाटे कामावर जाते. उमरेडवाल्यायले सांगून द्या, नाही म्हणते."

कोणी उठलं नाही. ती अंगणात गेली. किक मारली, इंजिन त्या खोल, सावकाश आवाजात बोललं. ती बसली. क्षणभरानं डावीकडची स्प्रिंग दबली, हलकेच, नीट सावरून.

सत्यवतीच्या अंगावर वडिलांचा स्वेटर होता, आणि ओढणी आत खुंटीवर होती.

सखूबाई पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. सावलीची सगळी हकीकत तिनं आत्ताच ऐकली होती, पण हे त्या ऐकण्यातून आलं नाही. अंगणातून गाडी निघते आहे, मागं बाई बसली आहे, आणि आपण दारात उभ्या आहोत. अशा वेळी बाईमाणसाच्या तोंडून जे आपसूक निघतं, तेच निघालं. लेकीच्या खांद्यामागं पाहत ती म्हणाली,

"पदर सांभाळ वं माय."

आणि बोलून झाल्यावर तिनं पिठाचा हात तोंडावर नेला.

मागं खोलीत मोठेबाबा उभे राहिले होते. त्यांची नजर सत्यवतीवर नव्हती. आत्याचीही नव्हती. ईश्वरदासांनी मागाचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. सत्यवतीनं त्यांच्याकडं पाहिलं, एकेकाकडं, आणि कोणी काही म्हणतं का त्याची वाट पाहिली.

"वळून राह्यलो," ती मागं न बघता म्हणाली, आणि गाडी फाटकाबाहेर काढली.